सर्वांत आतला लूप

संख्यासिद्धांतात काम करणाऱ्यांचा जुना सोबती म्हणजे पारी/जीपी. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात १९८० च्या दशकात त्याची सुरुवात झाली आणि आजही तो तिथूनच सांभाळला जातो. टर्मिनलवर जीपी सुरू केले की आधी चार-पाच ओळी छापून येतात. बहुतेक जण त्या न वाचताच पुढे जातात. प्रोसेसर कोणत्या घराण्यातला, प्रोग्रॅम कोणत्या तारखेला आणि जीसीसी या कंपायलरच्या कोणत्या आवृत्तीने कंपाइल झाला, हे सगळे तिथे लिहिलेले असते. एका ओळीत कंस असतो आणि त्यात कधी नुसते 'एक्स८६-६४ कर्नल', तर कधी 'एक्स८६-६४/जीएमपी कर्नल' असे येते. पहिल्या प्रकारात मोठ्या पूर्णांकांचे गुणाकार-भागाकार पारी स्वतःच्या कोडने करतो. दुसऱ्यात ते काम जीएमपी नावाच्या लायब्ररीकडे सोपवलेले असते, आणि खूप मोठ्या संख्यांवर हा दुसरा पारी स्पष्टपणे पुढे निघतो. आवृत्ती एकच, आज्ञा त्याच, उत्तरही तेच. वेळ मात्र वेगळा.

गणिती सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर दोन वाटांनी येते. डेबियन, उबुंटू किंवा कोंडाच्या भांडारातून तयार बायनरी उतरवून घ्यायची, हे मिनिटभराचे काम. नाहीतर सोर्स कोड आणून तो आपल्याच यंत्रावर कंपाइल करायचा. यात कधी दहा मिनिटे जातात, कधी अख्खी रात्र. स्वतः कंपाइल केलेले जलद धावते, हा समज जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण वेग नेमका कुठून येतो हे न पाहता तो पाळला तर रात्र वाया जाते, प्रसंगी उत्तरही बिघडते. मला या प्रकरणात एवढेच दाखवायचे आहे: गणिती प्रोग्रॅमचा बहुतेक वेळ अगदी आतल्या, कोट्यवधी वेळा फिरणाऱ्या दोन-चार लूपमध्ये जातो, आणि त्या लूपना आपला प्रोसेसर ओळखता येतो की नाही, यावर सगळे ठरते. कंपाइल करणे हा ती ओळख करून देण्याचा एक मार्ग आहे. एकमेव नाही, आणि दरवेळी सर्वांत चांगलाही नाही.

भांडारासाठी बायनरी बनवणाऱ्याची अडचण आधी समजून घेऊ. त्याची एकच फाइल या वर्षीच्या लॅपटॉपवर चालली पाहिजे आणि एखाद्या कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपवरही. म्हणून सगळ्या प्रोसेसरांना नक्की कळतील अशाच सूचना (इन्स्ट्रक्शन) तो वापरतो. एएमडीचा ऑप्टेरॉन २००३ साली आला तेव्हा ६४ बिटी पीसीची किमान पातळी ठरून गेली. तिच्यात एसएसई२ सूचना आहेत आणि त्यांच्या रजिस्टरची रुंदी १२८ बिट, म्हणजे एका सूचनेत दोन डबल, प्रत्येकी ६४ बिटांच्या अपूर्णांकी संख्या. पुढे २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिजमध्ये एव्हीएक्स आले आणि रुंदी २५६ बिट झाली. २०१३ च्या हॅसवेलमध्ये एव्हीएक्स२ आले आणि सोबत एफएमए, म्हणजे गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करण्याची सोय. काही वर्षांनी ५१२ बिटांचे एव्हीएक्स-५१२ सुद्धा आले. किमान पातळीवर बांधलेल्या बायनरीला यातले काहीच दिसत नाही.

हा फरक कागदावर मांडता येतो. हॅसवेलचा एक कोअर दर क्लॉक सायकलला दोन एफएमए सूचना करू शकतो. प्रत्येकीत चार डबल, आणि प्रत्येक डबलवर एक गुणाकार व एक बेरीज. २ × ४ × २ म्हणजे १६ क्रिया. त्याच कोअरला एसएसई२ च्या जुन्या सूचना दिल्या तर सायकलला एक गुणाकार-सूचना आणि एक बेरीज-सूचना, प्रत्येकी दोन डबलवर: ४ क्रिया. यंत्र तेच, विजेचे बिल तेच, आणि क्षमतेचा तीन चतुर्थांश भाग नुसता बसून राहतो.

जीसीसीला 'मार्च-नेटिव्ह' हा पर्याय दिला की तो ज्या यंत्रावर कंपाइल करतो आहे त्याच्या सगळ्या सूचना वापरायची मोकळीक घेतो. मग ती बायनरी त्या यंत्राची होऊन जाते. जुन्या प्रोसेसरवर नेली तर अनोळखी सूचना समोर येताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढेच छापून प्रोग्रॅम थांबतो. सेजमॅथच्या लोकांनी ही दोन्ही टोके अनुभवली आहेत. विल्यम स्टाइन यांनी २००५ साली सेज जगासमोर आणले. पारी, गॅप, सिंग्युलर, मॅक्सिमा, जीएमपी, एनटीएल असे स्वतंत्र प्रकल्प पायथनच्या आधाराने एकत्र नांदवायचे, ही त्यामागची कल्पना. एवढा बारदाना सोर्समधून बांधायला साध्या लॅपटॉपवर काही तास लागतात, त्यामुळे तयार बायनरी हवीच. पण नव्या यंत्रावर बांधलेली बायनरी जुन्या यंत्रावर कोसळते. म्हणून बांधणीच्या वेळी 'सेज फॅट बायनरी' नावाचा एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल चालू करायची सोय ठेवावी लागली. तो चालू असला की बायनरी जास्तीत जास्त यंत्रांवर चालेल अशी बनते.

आता त्या आतल्या लूपमध्येच शिरू. जीएमपी १९९१ पासून टॉर्ब्यॉर्न ग्रानलुंड यांच्या देखरेखीखाली वाढते आहे आणि अचूक पूर्णांकी गणित करणाऱ्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात ती कुठेतरी असते. मध्यम आकाराच्या संख्यांचा गुणाकार ती आपण शाळेत शिकलो तसाच करते. फक्त तिचा एक 'अंक' ६४ बिटांचा असतो. हजार अंकी दशमान संख्या अशा ५२ घरांत बसते. दोन हजार-अंकी संख्या शाळेच्या रीतीने गुणायच्या तर ५२ × ५२, म्हणजे २७०४ छोटे गुणाकार, आणि प्रत्येकामागे हातचा.

सगळी मेख त्या हातच्यात आहे. प्रत्येक छोट्या गुणाकाराचे उत्तर दोन घरांचे, १२८ बिटांचे येते. खालचे घर चालू बेरजेत मिळवायचे, वरचे पुढच्या स्थानाकडे न्यायचे. दोन्ही बेरजांतून हातचा सुटतो, म्हणजे एकाच वेळी दोन हातचे सांभाळायचे. जुन्या प्रोसेसरमध्ये हातचा ठेवायला एकच जागा होती, कॅरी फ्लॅग. त्यातही गुणाकाराची जुनी सूचना हा फ्लॅग स्वतःच बदलून टाकते. म्हणजे हातचा कुठेतरी बाजूला ठेवा, गुणाकार करा, हातचा परत आणा, मग बेरीज करा. गणिताइतकाच वेळ या उचल-ठेवीत जायचा. हॅसवेलमध्ये एमयूएलएक्स नावाची सूचना आली. ती फ्लॅगला हात न लावता गुणाकार करते आणि उत्तराची दोन घरे सांगू त्या रजिस्टरांत ठेवते. २०१४ च्या ब्रॉडवेलमध्ये एडीसीएक्स आणि एडीओएक्स या बेरजेच्या दोन सूचना आल्या. पहिली आपला हातचा कॅरी फ्लॅगमध्येच ठेवते, दुसरी ओव्हरफ्लो फ्लॅगमध्ये. दोन बेरजांच्या दोन साखळ्या आता एकमेकींत न गुंतता शेजारी-शेजारी धावू शकतात. कोणा अभियंत्याने मोठ्या संख्यांच्या गुणाकाराचा इतका बारकाईने विचार करून सिलिकॉनमध्ये जागा काढली, याचे मला मनापासून कौतुक वाटते. क्रिप्टोग्राफीची गरज नसती तर शुद्ध गणिताच्या वाट्याला हे बहुधा आले नसते.

सी भाषेत हातच्यासाठी सरळ शब्दच नाही, त्यामुळे कंपायलर हा लूप मनासारखा बनवू शकत नाही. म्हणून जीएमपीच्या सोर्समध्ये प्रोसेसरच्या एकेका पिढीसाठी हाताने लिहिलेला असेम्ब्ली कोड ठेवलेला असतो. आपल्या यंत्रावर कॉन्फिगर चालवले की ते आधी प्रोसेसर ओळखते, नुसते 'एक्स८६-६४' न म्हणता हॅसवेल, स्कायलेक, झेन अशी नेमकी पिढी नोंदवते आणि त्या पिढीचे कपाट उघडते. इथे स्वतः कंपाइल करण्याचा फायदा खरा आहे. कारण बांधणीच्या वेळी कोणता कोड आत जाणार हेच बदलते.

आणखी एक गोष्ट या वेळी ठरते. १९६० मध्ये मॉस्कोत आनातोली कारात्सुबा या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की संख्या अर्ध्यात तोडली तर चार छोट्या गुणाकारांऐवजी तिनांत भागते. शाळेच्या रीतीहून जलद रीत शक्य नसावी, असा खुद्द गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांचा अंदाज होता. पण कारात्सुबाच्या रीतीत बेरजा-वजाबाक्या वाढतात, म्हणून छोट्या संख्यांना शाळेचीच रीत परवडते. किती घरांनंतर रीत बदलायची? याचे उत्तर प्रत्येक प्रोसेसरवर वेगळे येते, कारण ते गुणाकार आणि बेरीज यांच्या तुलनात्मक वेगावर अवलंबून आहे. जीएमपीमध्ये हे उंबरठे प्रत्येक पिढीसाठी मोजून तक्त्यात ठेवले आहेत, आणि आपल्या यंत्रावर ते नव्याने मोजणारा एक छोटा प्रोग्रॅमही सोबत मिळतो.

एवढे वाचून कोणी सगळेच कंपाइल करायला बसेल, म्हणून आता मॅट्रिक्सकडे वळतो. तिथे चित्र उलटे होते.

हजार बाय हजारच्या दोन मॅट्रिक्स गुणायच्या तर १०० कोटी गुणाकार आणि जवळपास तितक्याच बेरजा. प्रत्येक मॅट्रिक्स ८० लाख बाइटची. प्रोसेसरच्या अगदी जवळची एल१ कॅश साधारण ३२ ते ४८ हजार बाइटची असते. म्हणजे आकडे लांबच्या मेमरीतून पुन्हा पुन्हा आणावे लागणार, आणि खरा वेळ त्या आणण्यात जाणार. अशा मूलभूत क्रियांची ब्लास नावाची सामाईक रचना १९७९ मध्ये मांडली गेली आणि मॅट्रिक्स-गुणाकार तिच्यात १९९० मध्ये आला. नेटलिबवर तिची नमुना आवृत्ती फोरट्रानमध्ये मिळते: एकात एक तीन लूप, वाचायला स्वच्छ, पडताळायला सोपी. ती स्वतः कंपाइल करा, 'मार्च-नेटिव्ह' द्या, काय हवे ते द्या. मोठ्या मॅट्रिक्सवर ती मागेच पडते. कंपायलर सूचना रुंद करतो, पण आकडे कोणत्या क्रमाने कॅशमध्ये आणायचे याची आखणी त्याला त्या तीन लूपवरून सहसा सुचत नाही.

यावर दोन उपाय निघाले आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. टेनेसी विद्यापीठात क्लिंट व्हेली आणि जॅक डोंगारा यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅटलास बनवली. बांधणीच्या वेळी ती तुकड्यांचे निरनिराळे आकार, लूप उलगडण्याच्या निरनिराळ्या रीती प्रत्यक्ष चालवून, घड्याळ लावून पाहते आणि जिंकेल ती ठेवते. यात तास जात. प्रोसेसरचा वेग मध्येच कमी-जास्त होऊ नये म्हणून ऊर्जा वाचवण्याची सोय बंद ठेवावी लागे, नाहीतर मोजमापच फसे. अशी लायब्ररी तयार बायनरीच्या रूपात वाटणे म्हणजे तिचा प्राणच काढून घेणे. दुसऱ्याच यंत्रावर जुळवलेले आकार आपल्याला मिळणार. दुसरा उपाय काझुशिगे गोतो यांचा. जपानच्या पेटंट कार्यालयात काम केलेले हे गृहस्थ टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला आले आणि त्यांनी एकेका प्रोसेसरसाठी आतला लूप हाताने असेम्ब्लीत लिहिला. एल१ कॅशच्या मागे न लागता मोठा तुकडा एल२ मध्ये ठेवायचा आणि मेमरीच्या पत्त्यांचे भाषांतर करणाऱ्या टीएलबीला त्रास होऊ द्यायचा नाही, ही त्यांची दृष्टी. त्यांची लायब्ररी अ‍ॅटलासच्या पुढे गेली. २०११ पासून झांग शियानयी आणि सहकाऱ्यांनी तोच वारसा ओपनब्लास या नावाने पुढे नेला.

ओपनब्लासची बांधणी एका खास रीतीने करता येते. त्यात अनेक पिढ्यांचे हाताने लिहिलेले लूप एकाच फाइलमध्ये भरतात, आणि प्रोग्रॅम सुरू होताच प्रोसेसर ओळखून त्याचा लूप निवडला जातो. फाइल जाड होते, पण जुन्या डेस्कटॉपवरही चालते आणि नव्या लॅपटॉपवर पूर्ण रुंदीने धावते. पायथनमध्ये पिपने नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी घेतली की बहुतेक यंत्रांवर सोबत अशीच ओपनब्लास येते. याउलट कोणी नमपाय सोर्समधून बांधले आणि त्या वेळी यंत्रावर ब्लास नसली, तर बराच काळ नमपायची रीत अशी होती की ते पोटातली साधी आवृत्ती वापरून बांधणी पूर्ण करायचे. इशारा स्क्रीनवर सरसर वर निघून जायचा. स्वतः कंपाइल केलेले नमपाय मग मिनिटभरात उतरवलेल्या नमपायपेक्षा कितीतरी हळू चालायचे.

ओपनब्लासची ही लूपची निवड स्वतः पाहायची असेल तर एक सुंदर प्रयोग आहे. ओपनब्लासला एका एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलने सांगता येते की समोरचा प्रोसेसर २००८ चा नेहेलम आहे असे समज. ती मग जुना, १२८ बिटी लूप घेते. त्याच बायनरीने, त्याच यंत्रावर दोन हजारच्या दोन मॅट्रिक्स एकदा अशा आणि एकदा तशा गुणून पाहाव्यात. काहीही कंपाइल न करता फरक हाताशी येतो. मग दोन मोठ्या व्हेक्टरची बेरीज तशीच करून पाहावी. तिथे फरक जवळपास नाहीसा होतो आणि त्यामागचे गणित सरळ आहे. एका व्हेक्टरला स्थिरांकाने गुणून दुसऱ्यात मिळवताना प्रत्येक घटकामागे दोन डबल वाचायचे, एक लिहायचा, म्हणजे २४ बाइटची ये-जा, आणि काम दोन क्रियांचे. दोन चॅनेलची डीडीआर४-२६६६ मेमरी कागदावर सेकंदाला सुमारे ४२.६ अब्ज बाइट देते, म्हणजे साधारण १७७ कोटी घटक, ३५५ कोटी क्रिया. ३ गिगाहर्ट्झच्या एका हॅसवेल कोअरची क्षमता सेकंदाला ४८०० कोटी क्रियांची आहे. मेमरीच पुरत नसेल तिथे रुंद रजिस्टर काय करणार? गॅपमध्ये समूहांवर काम करताना किंवा मॅक्सिमात राशी सोपी करताना वेळ मेमरीतले दुवे शोधण्यात जातो. तिथे 'मार्च-नेटिव्ह'चा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

प्रोग्रॅम सुरू होताना होणारी लूपची निवड काय पाहून होते, हेही पाहायला हवे. इंटेलच्या कंपायलरने बनवलेला कोड सूचनांची क्षमता पाहण्याआधी प्रोसेसर इंटेलचाच आहे का ते पाहतो आणि एएमडीला हळू वाटेने पाठवतो, हे डेन्मार्कचे अ‍ॅग्नर फॉग यांनी तपशिलाने मांडले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये इंटेलशी केलेल्या तडजोडीत कंपायलरचा हा मुद्दा होता. सोर्स हातात असण्याची किंमत अशा वेळी कळते.

आता उत्तराबद्दल, कारण वेगाच्या नादात हेच सुटते. एफएमए गुणाकार आणि बेरीज करून शेवटी एकदाच उत्तर छाटते (राउंडिंग). सुट्या सूचना दोनदा छाटतात. म्हणून एकच सोर्स दोन यंत्रांवर शेवटच्या अंकात वेगळे उत्तर देऊ शकतो. क्ष चा वर्ग वजा य चा वर्ग हा साधा हिशोब घ्या. क्ष आणि य समान असताना उत्तर शून्य यायला हवे. पण एका वर्गाचे पूर्ण, न छाटलेले उत्तर आणि दुसऱ्याचे छाटलेले उत्तर यांची वजाबाकी झाली तर शून्याऐवजी एक अतिसूक्ष्म संख्या उरते. कधी ती ऋण असते, आणि पुढे तिचे वर्गमूळ घ्यायचे असेल तर सगळे कोसळते. 'मार्च-नेटिव्ह' दिल्यावर जीसीसी हे जोडकाम न विचारता करू शकतो. 'फास्ट-मॅथ' हा पर्याय त्याहून वाईट. विल्यम काहान यांची १९६५ ची बेरीज-रीत छाटलेला भाग जपून ठेवते आणि पुढच्या फेरीत परत मिळवते. बीजगणिताच्या दृष्टीने तो भाग शून्यच, म्हणून फास्ट-मॅथ तो सगळा हिशोब पुसून टाकतो आणि रीत लिहिणाऱ्याचे कष्ट मातीत जातात. गणिती लायब्ररी हा पर्याय देऊन कंपाइल करणे मला अक्षम्य वाटते.

जीएमपीच्या अचूक पूर्णांकांना छाटण्याचा प्रश्न नाही, पण तिथे वेगळी भीती आहे. हा कोड इतका बारीक असतो की कंपायलरमधल्या चुका त्यात हमखास उघड्या पडतात. म्हणूनच बांधणीनंतर 'मेक चेक' चालवल्याशिवाय लायब्ररी वापरू नका, असे जीएमपीचे कर्ते बजावून सांगतात. तयार पॅकेजच्या मागे हजारो वापरकर्त्यांची तपासणी असते. आपल्या बायनरीचे पहिले आणि शेवटचे वापरकर्ते आपणच.

जिथे हजारो कोअर तासन् तास एकाच कामाला जुंपलेले असतात, तिथे मात्र कंपाइल करणे ही सवयच आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली आलेल्या 'प्रत्यूष' या महासंगणकाची क्षमता ४ पेटाफ्लॉप्सची होती. अशा यंत्रावर हवामानाच्या मॉडेलचे दहा टक्के जरी वाचले तरी अंदाज लवकर हाती येतो. अशा महासंगणकांवर लायब्ररींच्या अनेक बांधण्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात आणि हवी ती 'मॉड्यूल'च्या आज्ञेने निवडली जाते. घरच्या यंत्रावर इतका खटाटोप बहुधा लागत नाही. डेबियनवर आर ही सांख्यिकीची भाषा वापरणाऱ्याने नमुना ब्लासच्या जागी ओपनब्लासचे तयार पॅकेज बसवले की मोठ्या मॅट्रिक्सचा फायदा लगेच मिळतो, आणि आरमध्ये 'सेशन इन्फो' मागितली की कोणती ब्लास वापरात आहे तिचा पूर्ण पत्ता छापून येतो. किमान पातळीही आता वर सरकते आहे. २०२० मध्ये एक्स८६-६४ च्या चार पायऱ्या ठरल्या. तिसऱ्या पायरीत एव्हीएक्स२ आणि एफएमए येतात, आणि २०२५ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ने तीच आपली किमान पायरी मानली.

जेंटू लिनक्स ओळखली जाते ती सगळे काही वापरणाऱ्याच्याच यंत्रावर कंपाइल करण्यासाठी. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनीही तयार पॅकेजांचे मोठे भांडार उघडले, आधी साध्या पातळीसाठी आणि नंतर तिसऱ्या पायरीसाठीही. कोणते पॅकेज तयार घ्यायचे आणि कोणते घरी बांधायचे हे तिथे एकेका पॅकेजापुरते ठरवता येते. ब्राउझर आणि ऑफिस तयार घ्यावे, जीएमपी आणि पारी घरी बांधावेत, आणि बांधून झाल्यावर त्यांच्या चाचण्या चालवाव्यात.